घासून ठेवलेली पट्टी

१

पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की पट्टी आधीच कुणीतरी घासून ठेवली होती.

उंबरओहोळाच्या धरणाला आतल्या बाजूनं, पाण्याकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. पायऱ्यांच्या कडेनं सिमेंटचे खांब एकाखाली एक रोवलेले, आणि प्रत्येक खांबावर मीटरभर उंचीची पत्र्याची पांढरी पट्टी, तिच्यावर काळे आकडे. पाणी ज्या आकड्याला टेकलेलं दिसेल तो वहीत लिहायचा आणि पाटबंधारे खात्याच्या शाखेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा, सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला. वेदिकाची नोकरी ती एवढीच. पाण्याच्या वरच्या पट्ट्यांना गेल्या हिवाळ्यातलं शेवाळ वाळून चिकटलेलं असे. पाऊस कितीही झोडपो, ते हलत नसे. पाणी चढत येईल तसतसा लागेल तेवढा वीतभर तुकडा काथ्यानं घासून घ्यायचा, ही तिथली रीत. तिचे शाखा अभियंता दीपक साहेब यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की हौसेनं सगळी पट्टी घासत बसू नका, पाय घसरला तर तुम्हाला काढायला इथे कुणी नाही.

जुलैतल्या त्या संध्याकाळी ती हातात काथ्या घेऊन उतरली तेव्हा पाणी नऊ-साठला, म्हणजे नऊ मीटर साठ सेंटिमीटरला होतं. आणि त्याच्यावर दीड वीत अंतर सोडून, बरोबर नऊ-नव्वदपासून पुढे, पट्टीचा वीतभर तुकडा लख्ख पांढरा होता. मधलं सगळं शेवाळ जिथल्या तिथे.

तिनं तो घासला नव्हता. घासला असता तर पाण्यालगतचा घासला असता.

तिनं वर भिंतीकडे पाहिलं, मागे पाहिलं. पलीकडच्या काठाला दोन बगळे होते. मग तिनं स्वतःला समजावलं, की कुणी पोरंटोरं आली असतील, खेळ केला असेल. नऊ-साठ लिहून ती चढून आली. चढताना एकदाही वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पाणी नऊ-नव्वदला होतं.

२

वेदिका घाबरट होती, हे तिच्या घरी सातपूरला सगळ्यांना ठाऊक होतं. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची. वडील कंपनीतून रात्रपाळी करून येत, दार हलकेच लोटत, तरी ही अंथरुणात उठून बसलेली. सिव्हिलची डिग्री घेताना मैत्रिणी म्हणायच्या, साइटवर मिक्सर सुरू झाला की हिला रिक्षात घालून घरी पाठवावं लागेल. म्हणूनच अकरा महिन्यांच्या करारावर ही पाणी मोजायची नोकरी निघाली तेव्हा तिला ती देवानं पाठवल्यासारखी वाटली. ना मिक्सर, ना मुकादम. घोटीत एक खोली भाड्यानं घेतली, स्कूटीवरून चौदा किलोमीटर जायचं, आकडा लिहायचा, परत यायचं.

धरणावर एक चौकी होती. दहा बाय दहाची खोली, टेबल, खुर्ची, भिंतीला खिळ्यावर टांगलेली वही. पाऊस असला की पत्र्यावर एवढा आवाज होई की स्वतःचा फोन वाजलेला कळत नसे, आणि पाऊस थांबला की एकदम एवढी शांतता, की खाली लाटा दगडांना लागतात तो चपचप आवाज थेट टेबलाखालून आल्यासारखा वाटे. त्या शांततेला ती पावसापेक्षा जास्त भ्यायची.

माणूस म्हणून भेटायची ती भागीबाई. धरणाच्या भिंतीखाली ओहोळाच्या काठानं पंधरा-सोळा घरांची वस्ती होती, तिथली ही म्हातारी शेळ्या घेऊन वर यायची आणि चौकीच्या उंबऱ्यावर टेकायची. पहिल्या आठवड्यात वेदिकाला म्याडम म्हणायची. एकदा वीज कडाडल्यावर वेदिका किंचाळून टेबलाखाली गेली, त्या दिवसापासून पोरी म्हणू लागली. तिचा नवरा भिका याच चौकीवर अठ्ठावीस वर्षं होता. गेल्या दिवाळीत त्याला लकव्याचा झटका आला, उजवं अंग गेलं, वाचाही गेली. त्याच्या जागेवर वेदिका आली होती. हे कळल्यावर वेदिकाला उगाच अपराधी वाटलं, पण भागीबाईनं ते हसण्यावारी नेलं. म्हणाली, "तुला नाय ठेवली तर काय त्याला ठेवणार हायेत? बाजंवरून मोजंल काय तो पाणी?"

३

योगायोग एकदा होतो, दोनदा होतो. वेदिकानं आठ दिवस वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं नोंद ठेवली. संध्याकाळी पट्टीवर घासलेल्या तुकड्याची खालची कड जिथे असे, दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पाणी तिथे असे. एका सेंटिमीटरचाही फरक नाही.

तिनं बुद्धीला पटेल असं सगळं करून पाहिलं. वर डोंगरात पाऊस किती पडतो यावरून जाणत्या माणसाला अंदाज बांधता येत असेल. वस्तीवरचा कुणीतरी जाणता असेल, हौस म्हणून खूण करत असेल. भागीबाईला आडून विचारलं, तर ती म्हणाली, की वस्तीतलं कुणी त्या पायऱ्या उतरत नाही, तिथे पाय ठरत नाही. आणि सेंटिमीटरपर्यंतचा अंदाज तर तिला स्वतःला, डिग्री असून, संगणक असून, बांधता आला नसता.

नवव्या दिवशी सकाळी घोटीत ढगफुटीसारखा पाऊस होता. खिडकीबाहेर समोरचं घर दिसेना. वेदिका रेनकोट घालून दारात उभी राहिली, तिला त्या हिरव्या बुळबुळीत पायऱ्या आठवल्या. काल संध्याकाळचा घासलेला तुकडा दहा-पंचावन्नला होता. तिनं दारातच फोन काढला आणि ग्रुपवर टाकलं, आठ वाजता दहा-पंचावन्न. दुपारी जाऊन पाहिलं तर पट्टीवरची गाळाची ताजी रेघ सांगत होती, की आकडा चुकलेला नाही.

मग ती सवयच झाली. सकाळची फेरी तिनं सोडलीच. दुपारी साडेतीनला जायचं, पाचचा आकडा बघून लिहायचा आणि उद्या आठचाही तिथेच लिहून टाकायचा. ग्रुपवर कुणी फोटो मागत नसे. आकडा पडला की दोन-तीन अंगठे उठायचे, काम संपलं. फोटो मागितले असते तर पुढचं काही झालंच नसतं, असं तिला नंतर पुष्कळदा वाटलं.

भीती वाटत होती का? वाटत होती. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त हायसं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या आधी जाऊन, निसरड्या जागी पाय ठेवून, तिचं काम सोपं करून ठेवत होतं. एका संध्याकाळी आकडा लिहून झाल्यावर ती पट्टीकडे बघून हळूच थँक यू म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर स्वतःलाच दचकली.

४

ऑगस्टच्या मध्यावर भागीबाईनं तिला आग्रहानं खाली घरी नेलं. नागलीची भाकर आणि खेकड्याचं कालवण केलं होतं. घर कुडाचं, आत अंधार आणि धूर, आणि दाराशेजारच्या बाजेवर भिका.

म्हातारा दिसायला मोठ्या हाडाचा होता. डोळे उघडे, छपराकडे लावलेले. वेदिका बाबा म्हणून वाकली तेव्हा त्यानं नजर तिच्याकडे वळवली आणि ती तिथेच ठेवली. ती जेवत होती तेवढा वेळ नजर हलली नाही. पण त्या नजरेत वाईट असं काही नव्हतं. एखादा जुना माणूस नव्या माणसाचं काम बघतो, तशी ती होती.

जेवणं झाल्यावर भागीबाई फडकं घेऊन बाजेपाशी बसली आणि नवऱ्याचा उजवा हात पुसू लागली. तो लुळा होता. ती उचलायची, सोडला की धप्पकन पडायचा. पण तो ओला होता. मनगटापर्यंत ओला, आणि बोटांची कातडी पांढरी पडून चुण्याचुण्यांची झालेली, दिवसभर धुणं धुतल्यावर होते तशी. नखांत हिरवं काहीतरी होतं. डावा हात कोरडा खडखडीत.

"रोजचं हाय हे," भागीबाई काडीनं नखं कोरत म्हणाली. "अठ्ठावीस वर्सं घातला ना पाण्यात, आता पाणी काय सोडतं व्हय. दिवसाला दोन फडकी लागतात बघ याला." आणि म्हाताऱ्याला टोमणा मारला, की उठून एक तांब्या भरून द्यायचा नाही, आणि हात मात्र भिजलेला.

डॉक्टरला दाखवलं का, एवढंच वेदिकानं विचारलं. दाखवलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, घाम असेल.

घाम असेल. परत वर चढताना वेदिकानं ते शब्द वाटभर मनात घोळवले. लकव्यात हाताला घाम येतो, असं कुठेतरी वाचल्याचंही तिला आठवू लागलं. पायऱ्यांशी आली तेव्हा पाच वाजले होते. आजचा तुकडा घासलेला होता, नेहमीसारखाच.

दुसऱ्या दिवशी घोटीच्या दुकानातून तिनं नारळाचा नवा, चांगला काथ्या आणला. पाण्याच्या वर तिसऱ्या पायरीवर दगडाखाली ठेवला आणि पळत वर आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी काथ्या जागच्या जागी होता. ओला होता, आणि एका बाजूनं झिजलेला.

५

एकदाच तिनं त्या खुणेवर स्वतःहून काही केलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला ऊन पडलेलं असताना घासलेला तुकडा पाण्याच्या चक्क सव्वा मीटर वर निघाला. आभाळ कोरं होतं. वेदिका बराच वेळ बघत राहिली, मग भागीबाईच्या पुतण्याला, मयूरला, फोन लावला. त्याची पाण्याची मोटार काठावर मांडलेली होती. ती वर ओढून घे म्हणाली. कशावरून, असं त्यानं विचारलं. तिनं सांगितलं, हवामानाचा अंदाज आहे. मयूर हसला, अंदाजवाले कधी बरोबर आले का म्हणाला, पण बाईमाणसाचा शब्द मोडायचा नाही म्हणून त्यानं मोटार ओढली. रात्री डोंगरावर काय कोसळलं कुणास ठाऊक. सकाळी मोटारीच्या जागेवर कमरेएवढं पाणी होतं.

मयूरनं दुसऱ्या दिवशी तिला काकड्यांची पिशवी आणून दिली. दीपक साहेबांनीही फोन करून शाबासकी दिली. म्हणाले, तुमचे आकडे वहीत कसे ओळीत बसतात, मागच्या मोजणीदाराच्या वेळेसारखे. काकड्या खाताना वेदिकाला रडूच आलं. आपल्याला कुणी चांगलं म्हणतंय, आणि त्यातलं आपलं काहीच नाही. त्या दिवसापासून तिसऱ्या पायरीवर काथ्याबरोबर ती एक काकडी ठेवू लागली. काकडीला कधी कुणी हात लावला नाही.

६

सप्टेंबर संपता संपता तलाव काठोकाठ भरला. बारा-चाळीस, म्हणजे पूर्ण. सांडव्यावरून पातळ पाणी चालू झालं, पाऊस उघडला, गढूळपणा खाली बसला आणि पाणी हिरवं, नितळ झालं.

त्या दिवशी वेदिका साडेतीनला आली. सकाळचा आकडा नेहमीप्रमाणे तिनं घोटीतूनच टाकला होता, बारा-चाळीस. पायऱ्यांवर ऊन होतं. पट्टीकडे पाहिलं आणि तिला चुकल्यासारखं झालं. पाण्याच्या वर घासलेलं काही नव्हतं. पाण्यालगतही नव्हतं.

आता चढायला जागाच नाही, म्हणून असेल. काम संपलं असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि तिला चक्क पोरकं वाटलं. काथ्या उचलावा म्हणून ती वाकली. दगडाखाली काथ्या नव्हता.

तेव्हा आवाज आला. खस्, खस्, खस्. काथ्या पत्र्यावर घासल्याचा. ती वर बघू लागली, डावीकडे बघू लागली. आवाज खालून येत होता.

पाण्यात ऊन तिरपं उतरलं होतं. पहिला बुडालेला खांब दिसत होता, दुसरा दिसत होता, दोन्ही शेवाळानं हिरवे. त्याखाली तिसरा अंधुक, आणि त्या अंधुकात एक पांढरा तुकडा. पाण्याखाली कुणी पट्टी घासत नाही. घासायचं कारणच नाही. खाली घासायचं ते उद्या पाणी तिथे उतरणार असेल तरच.

तिचं डोकं आपोआप हिशेब करू लागलं. तो तुकडा नऊ-साठच्या आसपास. उद्या सकाळी आठपर्यंत पावणेतीन मीटर पाणी कमी. कालव्याचं दार पूर्ण उघडलं तरी दिवसाला चार बोटं उतरतं. सांडवा तर वरच्या वरच वाहतो. एवढं पाणी एका रात्रीत जायला दुसरी एकच वाट होती, आणि ती या भिंतीतून जात होती.

मासा असेल, ती मोठ्यानं म्हणाली. ऊन पडलंय म्हणून तसं दिसतंय.

खांबामागून हात पुढे आला. मनगटापर्यंतच दिसला, मोठ्या हाडाचा, पांढरा पडलेला. मुठीत काथ्या होता. त्यानं पट्टी एकदा खालून वर घासली, गाळाचा धूर उठला, आणि तो खांबाच्या मागे गेला. मग त्याच्या खालच्या खांबावर, जिथे नुसता काळोख होता तिथे, पुन्हा सुरू झालं. खस्, खस्.

७

वेदिका किंचाळली नाही. ती चार पायांवर पायऱ्या चढून भिंतीवर आली आणि पलीकडच्या उतारानं खाली धावली, कारण कुठे बघायचं ते तिला शिकवलेलं होतं. मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरतंच. ते भिंतीच्या पायथ्याशी एका पन्हळीत गोळा होतं. ते स्वच्छ आहे तोवर काळजी नाही. त्या पन्हळीच्या तळाचे खडे एरवी मोजता येत.

आज त्यात चहासारखं पाणी होतं. पन्हळीच्या वर, हात-दोन हातांवर, जमिनीतून बारीक उकळी फुटत होती आणि प्रत्येक उकळीबरोबर धरणाच्या पोटातली माती बाहेर येत होती. पन्हळीच्या कडेला गाळाची जाड साय धरलेली. हे सकाळपासून चाललं होतं. आठ वाजता ती इथे असती, भिंतीवरून नुसती नजर टाकली असती, तर सकाळीच दिसलं असतं.

तिनं दीपक साहेबांना फोन लावला. लागला, वाजला, कट झाला. आढावा बैठकीत आहे असा तयार मेसेज आला. कार्यालयाचा नंबर नुसता वाजत राहिला. ग्रुपवर तिनं लिहिलं, पाझराचं पाणी गढूळ, माती येतेय, खालची वस्ती हलवा. खाली लगेच दोन अंगठे उठले. दुपारनंतर तिचा मेसेज म्हणजे आकडा, आणि आकड्याला अंगठा, वाचतो कोण.

मयूर संपर्क क्षेत्राच्या बाहेर होता. उरली भागीबाई. तिचा साधा फोन घरात खुंटीला लटकत असे.

पहिल्यांदा पूर्ण वाजून बंद झाला. स्कूटी भिंतीच्या दुसऱ्या टोकाला होती आणि वस्तीला जायचा रस्ता तिथूनच. वेदिका पुन्हा वर चढली आणि भिंतीवरून पळत सुटली, फोन कानाला धरून. दुसऱ्यांदा वाजला. उजवीकडे तलाव, हिरवा, ऊन पांघरलेला, शांत. डावीकडे खाली वस्तीची छपरं, अंगणात वाळत घातलेली एक पिवळी साडी. माणूस एकही दिसत नव्हतं. चूल पेटल्याचा धूर नव्हता. सगळे रानात गेले असतील तर संध्याकाळी परततील, जेवतील, निजतील. आणि बाजेवरचा तो म्हातारा तर आत्ताही तिथेच असणार, छपराकडे बघत. त्याला कुणी उचलल्याशिवाय तो कुठे जाणार.

तिसऱ्यांदा. पळता पळता ती काय पुटपुटत होती ते तिचं तिला कळत नव्हतं. उचला. दोन महिने तुम्ही माझं काम केलंत. पाय माझा घसरू नये म्हणून तुम्ही उतरत होतात. बाबा, मी रोज यायला हवं होतं, आता येते, रोज येईन, फक्त कुणीतरी उचला.

चौथ्यांदा. पायाखाली भिंत अगदी बारीक हलल्यासारखी वाटली. ट्रक जाताना पूल हलतो तशी. नाही, तिच्याच धावण्याचा हादरा असेल. ती थांबली नाही. स्कूटी अजून शंभर पावलं होती.

पाचव्यांदा रिंग मध्येच तुटली, आणि तिला वाटलं आता रेंजही गेली. पण कानात आवाज होता. मोकळ्या वाऱ्याचा. शेळ्यांच्या गळ्यातल्या घंट्या, भांड्यावर भांडं आपटल्याचा खणखणाट, कुणीतरी कुणालातरी ‘हळू’ म्हणत होतं, आणि अगदी जवळ, चढावर लागते तशी एका म्हातारीची धाप.

"बोल पोरी," भागीबाई म्हणाली. "दुपारी याचा हात मातीनं बरबटला, तवाच उठलो, तवाधरनं टेकडी चढतोय समदी. याची बाज पहिली वर पोचली, घाबरू नको."

वेदिकानं अजून एक शब्दही उच्चारला नव्हता.